क्रूझ जहाजावर पहिल्यांदा जाताय? पडद्यामागचं काम आणि बंदरातले चार तास

"ताई, फिरायला मिळतं का हो?" क्रूझ जहाजावर नोकरीला निघालेली मुलं भेटली की पगाराच्याही आधी हे विचारतात. मिळतं. मी हाऊसकीपिंगमध्ये सात कॉन्ट्रॅक्ट केली. नेपल्सच्या गल्ल्या, कोटोरच्या पायऱ्या, कोझुमेलचा निळा समुद्र हे सगळं स्वतःच्या पायांनी फिरून पाहिलं, पण एका वेळी तीन-चार तासच. वेंगुर्ल्याचे माझे मामा मालवाहू आगबोटीवर होते. तीस वर्षं जग फिरले, पण बंदरं कशी होती विचारलं की क्रेन आणि कोळशाचे ढीग एवढंच सांगायचे. क्रूझवर निदान बंदर गावाच्या दारात असतं. तुमच्या हातात तास मात्र थोडे असतात. ते कुठून मिळतात आणि कुठे गळतात हे कळलं की काम नीट होतं आणि फिरणंही. सुरुवात कागदपत्रांपासून करते, कारण पहिला घोळ तिथेच होतो.

आधी कागद, आणि तेही क्रमाने

पासपोर्टची मुदत पाहा. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं, आणि ते संपल्यावरही पासपोर्टवर काही महिने शिल्लक लागतात. दोन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर आधी नवा करून घ्या. एकदा व्हिसा लागला की पासपोर्ट बदलणं फार कटकटीचं होतं.

मग इंडोस नंबर. शिपिंग महानिदेशालयाकडे, म्हणजे आपण ज्याला डीजी शिपिंग म्हणतो तिथे, दर्यावर्दी म्हणून तुमची जी नोंद होते तिचा हा क्रमांक. तो मिळाला की एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, पायाभूत कोर्स करायचे: जीव वाचवण्याची तंत्रं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदारी, आणि जहाजाच्या सुरक्षेचा एक. सगळे मिळून साधारण दोन आठवडे लागतात. प्रवासी जहाजासाठी गर्दी हाताळण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते कधी इथे करून घेतात तर कधी जहाजावर. संस्था डीजी शिपिंगच्या मान्यतेचीच हवी. गोव्यात चिखलीला नुसी या खलाशांच्या संघटनेची अकादमी आहे, मुंबई-नवी मुंबईत तर बऱ्याच संस्था आहेत. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर असते. ती पाहिल्याशिवाय फी भरू नका.

हे कोर्स सर्टिफिकेटपुरते उरकू नका. मी समुद्रकाठी वाढले तरी मला पोहता येत नव्हतं. लाइफजॅकेट घालून तलावात पहिली उडी मारायची वेळ आली तेव्हा पाय थरथरत होते. नाक-तोंड एका हाताने झाकायचं, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली ओढून धरायचं, नजर समोर ठेवायची आणि पाऊल टाकायचं. धुराच्या खोलीत रांगत जाताना भिंतीवरचा हात सुटू द्यायचा नाही. पुढे जहाजावर एका रात्री लाँड्रीत धूर झाला आणि आमच्या मजल्यावरचे दिवे गेले. तेव्हा माझा हात आपोआप भिंतीवर गेला.

कोर्स झाले की सीडीसी, म्हणजे खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका, काढायची. प्रत्येक वेळी जहाजावर चढल्या-उतरल्याची नोंद हिच्यात होते. मामा तिला 'नली' म्हणत आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवत. तुम्हीही तशीच जपा. मेडिकल डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडेच करायचं असतं. कंपन्या आपल्या यादीतल्या डॉक्टरांकडून वेगळ्या तपासण्याही मागतात, त्यामुळे कंपनीचं पत्र हातात येईपर्यंत मोठ्या तपासण्यांवर खर्च करू नका. पिवळ्या तापाची लस मात्र आधी घेतलेली बरी. लस घेतल्यावर १० दिवसांनी तिचं प्रमाणपत्र ग्राह्य धरतात आणि मग ते आयुष्यभर चालतं.

अमेरिकेतून जहाज धरायचं असेल तर सी-वन-डी हा खलाशांचा व्हिसा लागतो. मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणू नका. कुठल्या जहाजावर, कुठलं काम, किती महिने आणि परत कधी, एवढं सरळ सांगता आलं तरी पुरतं. युरोपातून जहाज धरायचं असेल तर शेंगेन व्हिसा लागतो.

नोकरीसाठी पैसे द्यायचे नाहीत

माझ्या पहिल्या वेळी एका मध्यस्थाने दीड लाख मागितले होते. "जागा राखून ठेवलीये, पण उद्यापर्यंतच." आईने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. मामा तेवढ्यात आले म्हणून त्या परत हातात गेल्या. त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या दोन मुलांचे पैसे बुडाले. अजून ते आठवलं की संताप येतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

सागरी कामगारांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी २००६. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि सरकारी मेडिकल यांचा खर्च तुमच्याकडे येऊ शकतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो. भारतात खलाशी भरती करणाऱ्या संस्थेकडे डीजी शिपिंगचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. संस्थेकडे त्याचा क्रमांक मागा आणि डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, पैसे रोख मागितले, किंवा "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बघू" असं कुणी म्हटलं, तर तिथून उठा. चहासाठीही थांबू नका.

करारपत्र निघायच्या आधी हातात हवं. मूळ पगार किती, टिप्स धरून किती, ओव्हरटाइम कसा मोजतात, परतीचं तिकीट कुणाचं, आजारी पडलं तर काय, हे सगळं वाचा. इंग्रजी अवघड वाटलं तर कुणाकडून तरी समजावून घ्या, पण न वाचता सही करू नका.

इंग्रजीची एक चाचणी होते, बऱ्याच कंपन्या मार्लिन्स नावाची घेतात. ऐकून समजण्यावर भर द्या. जहाजावर फिलिपिनो, इंडोनेशियन, जमैकन, युक्रेनियन अशा सगळ्यांचं इंग्रजी कानावर पडतं. पहिला आठवडा मला बोलता येत होतं, पण समोरच्याचं समजत नव्हतं.

बॅग भरताना

बॅगेत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे बूट. काळे, न घसरणारे, टाच धरून ठेवणारे, आणि घरात महिनाभर घालून मऊ केलेले. गणवेश जहाजावर मिळतो, पण पाय चांगले राहिले तरच बंदर पाहायला मिळेल.

खसखस घरी ठेवा. गोड्या मसाल्यात खसखस असते हे आपल्या लक्षातही येत नाही, पण संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि आपल्यापैकी कितीतरी जण दुबईवरूनच पुढचं विमान धरतात. शिवाय जहाजावर अमली पदार्थांच्या अचानक चाचण्या होतात आणि खसखस त्यातही घोळ घालू शकते. आईला मसाला खसखशीविना करायला सांगा. मेतकूट, कोरडी चटणी, सीलबंद चिवडा हे चालतं, पण कस्टमवर विचारलं तर न लपवता दाखवा. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर काढून घेतात, आगीच्या भीतीने. त्याऐवजी चुंबकाचे हुक न्या. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे टॉवेल, टोपी, पिशवी सगळं भिंतीवर टांगता येतं. दोघींच्या खोलीत तेवढीच जागा सुटते.

पहिला दिवस

विमानतळावर एजंटचा माणूस पाटी घेऊन उभा असतो. एक रात्र हॉटेलात, सकाळी बस, आणि मग समोर दहा-बारा मजली इमारतीसारखं जहाज. तुमचं दार मात्र खाली, पाण्याजवळ. सामान स्कॅन होतं, क्रू ऑफिस पासपोर्ट आणि सीडीसी ठेवून घेतं आणि हातात एक ओळखपत्र येतं. निघण्याआधीच सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा.

आत शिरल्यावर एक लांबलचक रुंद रस्ता लागतो, जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अमेरिकन जहाजांवर त्याला आय-नाइंटी-फाइव्ह म्हणतात, तिकडच्या मोठ्या महामार्गावरून. फोर्कलिफ्टवर भाज्यांचे खोके, लाँड्रीच्या गाड्या, डोक्यावर उंच टोपी घातलेले शेफ, सगळे इथूनच जातात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरायला खलाशांना जो परवाना लागतो, त्या फॉर्मचाही क्रमांक आय-नाइंटी-फाइव्हच. सुपरवायझर "तुझा नाइंटी-फाइव्ह कुठाय?" म्हणाली तेव्हा मी दाराकडे बोट दाखवलं होतं. रस्ता चुकलात तर आधी आय-नाइंटी-फाइव्ह गाठा, तिथून सगळीकडे जाता येतं.

पहिल्याच दिवशी सुरक्षेचं कार्ड मिळतं. त्यावर आणीबाणीतली तुमची जागा आणि काम लिहिलेलं असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा सर्वांनी आपापल्या जागी जमण्याचा इशारा. झोपण्याआधी केबिनपासून त्या जागेपर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी चालून या. मी पायऱ्या मोजल्या होत्या. आणि खालच्या मजल्यांवरची पाणबंद दारं हलत असताना त्यांतून कधीही जाऊ नका, कितीही उशीर झाला असला तरी. ती दारं माणूस मध्ये आला म्हणून थांबत नाहीत. त्यात माणसं कायमची जायबंदी झाली आहेत, काही दगावली आहेत.

मळमळ सुरू झाली तर लाजू नका. हिरवं सफरचंद, कोरडी बिस्किटं, आल्याचा तुकडा, आणि जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर थांबणं. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं.

सोळा केबिन

मी हाऊसकीपिंगची, म्हणून तिथलंच सांगते. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी धुणारे, लाँड्रीवाले, बारचे युटिलिटी म्हणजे मदतनीस यांचे तास वेगळे पडतात, पण कामाचा रेटा सारखाच.

माझ्याकडे साधारण सोळा केबिन असायच्या. सकाळी सातला सुरुवात, एकच्या सुमारास सुट्टी, मग संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ-दहा दुसरी फेरी. काही कंपन्या आता दिवसातून एकदाच केबिन साफ करतात, तिथे वेळापत्रक वेगळं. मला मधले चार तास मिळायचे, आणि माझी सगळी बंदरं मी त्या चार तासांत पाहिली. सकाळचं काम एकला न संपता अडीचला संपलं तर बंदर गेलं. नव्या मुलींचं होतं तेच. पहिले तीन आठवडे मी एकदाही जमिनीवर पाय ठेवला नाही.

वेग कसा आला ते सांगते. पहिल्या दिवशीच पाहुण्यांना विचारायचं, "उद्या किती वाजता बाहेर पडणार?" लवकर उतरणाऱ्यांच्या केबिन आधी घ्यायच्या. संपूर्ण पट्ट्यात आधी सगळे पलंग उघडून चादरी बाहेर काढायच्या, मग सगळी बाथरूम, मग पलंग लावणं. हात एकाच कामात बसतो आणि सफाईच्या एका औषधावरून दुसऱ्यावर सारखं जावं लागत नाही. बाथरूमचं फडकं आणि ग्लास पुसण्याचं फडकं यांचे रंग वेगळे असतात, ते कधीही मिसळू नका. गादी उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघे वाकवा. चौथ्या कॉन्ट्रॅक्टला माझ्या बरोबरीच्या दोघी कंबरदुखीने घरी गेल्या. दोघी माझ्यापेक्षा चपळ होत्या.

टॉवेलचे हत्ती आणि माकडं पाहुण्यांना फार आवडतात, विशेषतः मुलांना. ते केबिनमध्ये उभं राहून बनवण्यात वेळ जातो. पँट्रीत आधीच आठ-दहा तयार करून ठेवा. केबिन साफ करताना मी दार उघडं ठेवून ट्रॉली आडवी लावायचे. पाहुणा आत असेल तर "नंतर येते" म्हणून निघायचं. कुणी त्रास दिला, पाहुण्याने असो की सहकाऱ्याने, तर गप्प राहू नका. एमएलसीप्रमाणे प्रत्येक जहाजावर तक्रारीची पद्धत ठरलेली असते आणि थेट कॅप्टनकडे जाण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

कुणाला उलट्या-जुलाब झाल्याचं दिसलं तर स्वतः पुसायला जाऊ नका, लगेच कळवा. नोरोव्हायरस एका हँडलवरून शंभर जणांपर्यंत पोचतो, ते साफ करायला वेगळी टीम आणि वेगळं जंतुनाशक असतं. स्वतःचं पोट बिघडलं तरी लपवू नका. सक्तीने केबिनमध्ये बसावं लागतं, पण लपवलेलं उघड झालं तर नोकरी जाते.

अमेरिकन बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याचे तपासनीस न सांगता येतात. सगळे त्याला यूएसपीएच म्हणतात. शंभरपैकी ८६ किंवा जास्त गुण लागतात, ८५ म्हणजे नापास. ज्या दिवशी ते येतात त्या दिवशी फिरायचं विसरा. एरवी रोजचं काम नीट असेल तर त्या दिवशी धावपळही कमी होते.

आणि पाहुणे बदलण्याचा दिवस. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत जुने उतरतात, दुपारी नवे चढायला लागतात. मधल्या वेळात सोळाच्या सोळा केबिन नव्याने उभ्या करायच्या, मग रात्री बॅगा दारोदार पोचवायच्या. त्या दिवशी पोटभर नाश्ता करा, पाण्याची बाटली ट्रॉलीवर ठेवा, घरी फोन करायचं वचन कुणाला देऊ नका.

तास कुठे गळतात

जहाज बंदराला लागलं तरी सगळ्या क्रूला एकदम उतरता येत नाही. आणीबाणी आली तर जहाज सांभाळायला ठरावीक माणसं वर असावीच लागतात. याला आयपीएम म्हणतात, इन पोर्ट मॅनिंग. यादी क्रू मेसजवळच्या फलकावर लागते. ती लागल्या दिवशीच फोटो काढा आणि पुढच्या बंदरांशी ताडून पाहा. नको त्या बंदरात नंबर आला तर अदलाबदल करता येते, पण सुपरवायझरच्या सहीनेच. तोंडी ठरवून कुणी उतरलं तर दोघांवर कारवाई होते. माझी मैत्रीण फिलिपिन्सची होती. तिला खरेदीची बंदरं हवी असत, मला जुनी गावं. सबंध कॉन्ट्रॅक्टभर आम्ही अदलाबदल केली आणि एकदाही भांडलो नाही.

दुसरी गळती ड्रिलची. क्रूचा सराव बहुधा पाहुणे उतरल्यावर सकाळी बंदरातच होतो. कुठल्या बंदरात ड्रिल आहे हे आठवड्याच्या सुरुवातीलाच कळतं. त्या दिवशी लांबचा बेत नको.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी, झोपेची. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी, सात दिवसांत ७७ तास. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत विभागता येते आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. तुमच्या तासांची नोंद होते आणि तिच्यावर तुम्ही सही करता. खोट्या नोंदीवर सही करू नका, कुणी "सगळे करतात" म्हणालं तरी. दुसऱ्या बाजूने स्वतःलाही फसवू नका. क्रू बारमध्ये एक वाजेपर्यंत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरात नाही, पडदा ओढून बंकवरच दिवस जातो. मी आठवड्यात दोन बंदरं निवडायचे. बाकीच्या दिवशी दुपारी झोप.

बंदर कसं निवडायचं

पहिला प्रश्न: जहाज लागतं तिथून गाव किती मिनिटांवर आहे? बाकी सगळं त्यानंतर.

नेपल्स म्हणूनच माझं सगळ्यात आवडतं. प्रवासी धक्क्यातून बाहेर पडलं की समोरच कास्तेल नुओवो, तेराव्या शतकात बांधायला घेतलेला किल्ला. तिथून चालत वीसेक मिनिटांत जुन्या शहरातल्या व्हिया देई त्रिबुनालीवर पोचता येतं. गल्लीभर वाळत घातलेले कपडे, वरून दोरीने खाली सोडलेली टोपली, कागदात चार घड्या घालून दिलेला पिझ्झा. पहिल्यांदा गेले तेव्हा गिरगावातल्या चाळीची इतकी आठवण झाली की तिथेच पायरीवर बसून आत्याला फोन लावला. तिने विचारलं, "रडतेस का गं?"

चिविताव्हेक्कियाला जहाज लागलं की सगळे "रोम, रोम" करतात. रोम तिथून ७० किलोमीटरहून जास्त लांब आहे. ट्रेनने एका बाजूला तासाच्या आसपास, शिवाय स्टेशनपर्यंत जाणं. चार तासांच्या सुट्टीत ते करू नका. पूर्ण दिवस मिळेल तेव्हा जा. एरवी धक्क्याजवळचा मायकेलअँजेलोच्या नावाचा जुना किल्ला आणि समुद्राकाठचा रस्ता चांगला आहे.

सँटोरिनीत जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. त्यांत पाहुण्यांचा नंबर आधी. वर फिरा नावाच्या गावात जायला केबल कार किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या. केबल कारची रांग परतताना तासभराचीही असू शकते. मी वर रोपवेने गेले आणि खाली पायऱ्यांनी आले. खेचरांपासून जपा आणि चांगले बूट घाला.

कोटोर मात्र चार तासांसाठीच केल्यासारखं आहे. खाडीतून जहाज आत शिरतानाचं दृश्य कामावर असाल तरी पाच मिनिटं काढून पाहा. तटबंदीचं गाव धक्क्यासमोरच. वरच्या किल्ल्यापर्यंत साधारण १,३५० पायऱ्या आहेत. आपले गड चढलेल्यांना त्या जड जाणार नाहीत.

दुब्रोव्हनिकला मोठी जहाजं ग्रुझ बंदरात लागतात, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर. गावाची बस स्वस्त आहे. शहराचे रक्षक संत म्हणजे संत ब्लेझ, पोर्तुगीजांच्या भाषेत साँ ब्राझ. गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला त्यांच्याच नावाचं चर्च आहे. आमच्या जहाजावरचा दिवाडीचा एक तारवटी, म्हणजे गोव्याचा खलाशी, वेशीवरची त्या संताची मूर्ती पाहून टोपी काढून उभा राहिला. मी त्याच वेशीखालून तीनदा गेले होते आणि वर पाहिलंच नव्हतं.

कोझुमेल, नासाऊ, फिलिप्सबर्ग ही कॅरिबियनची बंदरं पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या दोन खेपांना दुकानं, मग कंटाळा. कोझुमेलला मास्क भाड्याने घेऊन किनाऱ्याजवळच मासे पाहता येतात. पोहता येत नसेल तर लाइफजॅकेट घाला आणि एकट्याने पाण्यात उतरू नका.

जिथे काहीच सुचणार नाही तिथे खलाशांचं केंद्र शोधा. द मिशन टू सीफेअरर्स किंवा स्टेला मारिस या ख्रिस्ती संस्थांची केंद्रं अनेक बंदरांत आहेत. फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्समध्ये सीफेअरर्स हाऊस आहे. वायफाय, बसायला जागा, कुणीतरी आपलेपणाने चौकशी करणारं. तिथे धर्म विचारत नाहीत.

घड्याळ

हा भाग दोनदा वाचा. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते आणि क्रूची वेळ पाहुण्यांच्या आधीची असते. फोन मात्र जमिनीवर उतरल्यावर स्वतःच स्थानिक वेळ धरतो. मायामीहून निघालेलं जहाज उन्हाळ्यात मायामीच्या वेळेवर चालत असेल तर कोझुमेलचं घड्याळ त्याच्या एक तास मागे असतं. फोनमध्ये तीन वाजलेले दिसतात तेव्हा जहाजावर चार वाजलेले असतात. साधं मनगटी घड्याळ घ्या, ते जहाजाच्या वेळेवर लावा आणि जमिनीवर फक्त तेच पाहा.

उतरताना खिशात क्रूचं ओळखपत्र, पासपोर्टचा फोटो, थोडी स्थानिक रोकड आणि जहाजाच्या स्थानिक एजंटचा फोन नंबर असू द्या. तो नंबर गँगवेजवळ, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेजवळ, किंवा क्रूच्या फलकावर लिहिलेला असतो. जहाज चुकलंच तर कुठेही न भटकता आधी त्याला फोन करा. जहाजावरचं फळ, सँडविच खाली नेऊ नका. बऱ्याच देशांत कस्टमवर दंड होतो. मेसमध्ये खाऊन उतरा.

पैसे आणि घर

एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं बँक खातं पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या आधीच उघडण्याची तयारी करा. कराच्या हिशेबात, आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी आहे का, हे महत्त्वाचं ठरतं. दर्यावर्दींची कामं करणारा सीए गाठा आणि तारखा त्याला दाखवा. घरी किती पाठवायचं हे निघण्याआधी बोलून घ्या. पहिल्या दोन महिन्यांत कोर्सचा आणि मेडिकलचा खर्चच भरून निघतो, हे घरच्यांना माहीत असलं की फोनवर ताण येत नाही.

कॅरिबियनमध्ये उन्हाळ्यात रात्री दहाला काम सुटतं तेव्हा घरी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. आई चहा घेऊन बसलेली असायची, मी बंकवर पडून बोलायचे. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक वेळ अशी येते की काहीच नको वाटतं. माझ्या बाबतीत प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला आली. त्या आठवड्यात एकटं राहू नका. आपल्याकडची दोन-चार माणसं प्रत्येक जहाजावर असतात, गॅलीतल्या शेफला विचारलं तर पिठलंही करून देतो.

उतरताना

शेवटच्या आठवड्यात केबिनचा ताबा, गणवेश, किल्ल्या परत करायच्या असतात. तुमच्या जागी येणाऱ्या नव्या माणसाला एक तास द्या. मी एक वही ठेवली होती. प्रत्येक बंदराचं एक पान: धक्क्यापासून चालत किती मिनिटं, वायफाय कुठे, स्वच्छतागृह कुठे, स्वस्त जेवण कुठे, परतीची बस कुठून. ती वही मी दर वेळी पुढच्या मुलीला दाखवायचे आणि ती फोटो काढून घ्यायची.

क्रू ऑफिसमधून पासपोर्ट आणि सीडीसी हातात आली की तिथेच उभं राहून सीडीसी उघडा. चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा आणि शिक्का तपासा. माझ्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टची उतरल्याची तारीख एका महिन्याने चुकली होती. जहाजावर ते दुरुस्त व्हायला दोन मिनिटं लागली असती. घरी आल्यावर पाहिलं, आणि पत्रव्यवहारात अकरा आठवडे गेले.